शास्त्रज्ञांचा सल्ला आणि देशाचे संरक्षण

१९९३ सालच्या सप्टेंबर महिन्याची तिसावी तारीख. आदल्या रात्री गणपतिविसर्जन आटोपून मराठवाडा झोपी गेला होता. पहाटे चारच्या सुमारास किल्लारीची भूमी हादरली, आणि लातूर व उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांतील कित्येक गावे काही क्षणांत ढिगाऱ्याखाली गेली. दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवरील माळवदे यांखाली सापडून आठ-दहा हजार माणसे प्राणांस मुकली. या अनर्थाची एक बाजू अशी की, त्या वेळी प्रमाण मानल्या जाणाऱ्या भूकंपाच्या नकाशात किल्लारीचा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या, म्हणजे पहिल्या पट्ट्यात दाखविलेला होता. नकाशा करणारे लोक अडाणी नव्हते वा अप्रामाणिकही नव्हते. हाती असलेल्या माहितीवरून त्यांनी तो निष्कर्ष काढला होता. पुढे देशातील व परदेशांतील भूशास्त्रज्ञांनी त्या भूमीची तपासणी केली, जुन्या समजुतीस प्रश्न विचारले, आणि २००२ साली देशाच्या मानकात पहिला पट्टा अजिबात रद्द होऊन किल्लारीचा भाग तिसऱ्या पट्ट्यात गेला.

या हकिकतीत विज्ञानाचा दोष दिसतो तसा गुणही दिसतो. विज्ञानाचा निष्कर्ष चुकू शकतो. परंतु तो उघडपणे तपासला गेला तर चूक सुधारता येते. तपासणारा मात्र त्या निष्कर्षाशी हितसंबंधाने बांधलेला नसावा लागतो. भूकंपाच्या बाबतीत हे तत्त्व सर्वांस सहज पटते. तोफा, विमाने, क्षेपणास्त्रे आणि पाणबुड्या यांच्या बाबतीत ते पटण्यास अधिक अडचण पडते. कारण तेथे गुप्ततेचा पडदा असतो, अब्जावधी रुपयांचा व्यवहार असतो, आणि राष्ट्राभिमानाचाही प्रश्न येतो. म्हणूनच लष्करी शास्त्राविषयी सरकारास स्वतंत्र सल्ला कोणी द्यावा, आणि त्या शास्त्राचे काम करण्यास लागणारी माणसे कोठून यावीत, हे दोन प्रश्न सामान्य नागरिकानेही समजून घेण्यासारखे आहेत.

नांदेड व लातूर या जिल्ह्यांस तर या विषयाशी काही विशेष नाते सांगता येईल. नांदेडचे लोकप्रतिनिधी शंकरराव चव्हाण हे १९८४ साली काही महिने देशाचे संरक्षणमंत्री होते. लातूरचे लोकप्रतिनिधी शिवराज पाटील हे १९८० ते १९८२ या काळात संरक्षण खात्याचे राज्यमंत्री होते, आणि त्यानंतर विज्ञान व तंत्रज्ञान, अणुशक्ती, अवकाश या खात्यांचेही काम त्यांच्याकडे आले. अशा खुर्चीवर बसणारा मंत्री वकील असेल, शेतकरी असेल, अर्थशास्त्राचा पदवीधर असेल. तो रडारचा अथवा धातुशास्त्राचा पंडित असण्याचे कारण नाही. त्याच्यापुढे कागद येतो : अमुक शस्त्र देशातच तयार करावे, त्यास इतकी वर्षे व इतके कोटी रुपये लागतील. या कागदावर सही करावी की न करावी, हे त्याने कोणास विचारावे?

तीन जाणकार त्याच्या जवळच असतात. पहिला सेनापती : त्यास जगातील उत्तमात उत्तम शस्त्र हवे असते, आणि तेही उद्याच. दुसरा प्रयोगशाळेचा प्रमुख : त्यास ते शस्त्र स्वतः तयार करून दाखविण्याची उमेद असते, आणि कामास लागणारा काळ व पैसा तो आशावादाने मोजतो. तिसरा विकणारा, मग तो देशी असो वा परदेशी : त्याच्या मालात दोष असल्याचे त्याने आजवर कधी सांगितलेले नाही. तिघेही आपापल्या परीने प्रामाणिक असतील. तरी तिघांच्याही उत्तरात त्यांचा स्वतःचा भाग मिसळलेला असतो. घर बांधणाऱ्या गवंड्याकडेच त्या घराच्या मजबुतीचा दाखला मागावा, तशातला हा प्रकार होतो. चौथा मनुष्य असा हवा की, ज्यास शास्त्र उत्तम कळते, ज्यास गुप्त कागद पाहण्याची मुभा आहे, परंतु निर्णय कोणत्याही बाजूने लागला तरी ज्याची बढती, अनुदान वा नफा त्यावर अवलंबून नाही. अशा मनुष्याच्या मतास स्वतंत्र शास्त्रीय सल्ला म्हणतात.

या पद्धतीचा उगम पाहण्यास दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या इंग्लंडात गेले पाहिजे. १९३५ सालच्या जानेवारीत सर हेन्री टिझर्ड यांच्या अध्यक्षतेखाली एक लहानशी समिती हवाई संरक्षणाचा विचार करण्यास बसली. शत्रूची बाँबफेकी विमाने अडविता येणार नाहीत, असे त्या काळी मोठमोठे लोक म्हणत. त्याच वर्षी २६ फेब्रुवारीस डॅव्हेंट्री येथे झालेल्या प्रयोगात रेडिओच्या लहरी विमानावरून परततात व त्या टिपता येतात, हे सिद्ध झाले. आणि त्यातून रडारची साखळी उभी राहिली. टिझर्ड यांचे खरे चातुर्य मात्र पुढच्या गोष्टीत दिसते. केवळ यंत्र मिळाल्याने काम भागत नाही, त्या यंत्राने दिलेली बातमी वैमानिकापर्यंत वेळेवर पोहोचली पाहिजे, हे त्यांनी ओळखले, आणि १९३६ सालापासून बिगिन हिल येथे खरी विमाने व खरे वैमानिक घेऊन त्याचे प्रयोग करविले. पडद्यावरील ठिपके वाचणारी, दूरध्वनीवरून ते कळविणारी आणि नकाशावर मांडणारी हजारो माणसे त्यासाठी तयार करावी लागली. त्यांत तरुण स्त्रियांची संख्या मोठी होती. १९४० साली इंग्लंड वाचले ते रडारमुळे, असे म्हणतात. रडार आणि ते चालविणारी शिकलेली माणसे या दोहोंमुळे वाचले, असे म्हणणे अधिक खरे होईल.

त्या समितीत पॅट्रिक ब्लॅकेट नावाचे एक पदार्थवैज्ञानिक होते. युद्धकाळात त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी जे काम केले, त्यावरून बाहेरच्या शास्त्रज्ञाचा उपयोग काय असतो हे उत्तम कळते. विमानांतून पाणबुड्यांवर जे स्फोटक पिंप टाकीत, ते पाण्याखाली सुमारे शंभर फुटांवर फुटेल अशी त्याची योजना असे. विमान दिसताच पाणबुडी बुडी मारते, तेव्हा स्फोट खोल व्हावा, असा त्यामागील विचार होता. इ. जे. विल्यम्स या शास्त्रज्ञाने प्रत्यक्ष हल्ल्यांच्या नोंदी तपासल्या. पाणबुडी शंभर फूट खोल जाईपर्यंत ती नेमकी कोठे आहे हेच वैमानिकास कळेनासे होते, म्हणजे तेथे नेम साधण्याची आशा नाही. आणि जी पाणबुडी अजून पृष्ठभागाजवळ आहे, जिचे ठिकाण नक्की ठाऊक आहे, तिच्यापासून स्फोट फार खाली होतो, असे त्यास आढळले. तेव्हा पिंप पंचवीस फुटांवर फोडावे, अशी शिफारस झाली. नवे शस्त्र शोधले नाही, दारू वाढविली नाही. केवळ एक आकडा बदलला, आणि हल्ल्यांचे यश कित्येक पटींनी वाढले.

दुसरे उदाहरण व्यापारी जहाजांच्या ताफ्यांचे. मोठा ताफा म्हणजे शत्रूस मोठे भक्ष्य, अशी नौदलाची समजूत असल्यामुळे ताफे लहान ठेवीत. ब्लॅकेट यांच्या मंडळीने हिशेब केला, तो असा : ताफ्यातील जहाजे चौपट केली तर त्याने व्यापलेले क्षेत्र चौपट होते, पण ज्यावर पहारा ठेवायचा तो परीघ दुप्पटच होतो. म्हणजे तितक्याच लढाऊ नौकांना मोठ्या ताफ्याचे रक्षण अधिक चांगले करता येते. शिवाय एका हल्ल्यात बुडणारी जहाजे ताफ्याच्या आकाराबरोबर वाढत नाहीत, असे नोंदी सांगत होत्या. शाळेतील भूमितीचे हे गणित कोणाही अधिकाऱ्यास करता आले असते. परंतु रूढ समजुतीबाहेर उभे राहून ते करण्याची मोकळीक ज्यास होती, त्यानेच ते केले.

याच इंग्लंडात उलट प्रकारही घडला. पंतप्रधान चर्चिल यांचे निकटचे सल्लागार लिंडमन यांनी १९४२ साली जर्मन शहरांवरील बाँबफेकीने किती घरे उद्ध्वस्त होतील याचा अंदाज मांडला. टिझर्ड यांनी तो पाचपट फुगलेला ठरविला, ब्लॅकेट यांनी सहापट. तरीही लिंडमन यांचे मत ग्राह्य झाले, कारण ते पंतप्रधानांच्या कानाजवळ होते. युद्धानंतरच्या पाहणीत तो अंदाज दहापट फुगलेला निघाला, असे सी. पी. स्नो यांनी १९६१ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात नमूद केले आहे. एकच सल्लागार, त्याच्यावर सत्ताधाऱ्याचा पूर्ण विश्वास आणि त्याचे मत तपासणारा कोणी नाही, ही स्थिती अज्ञानाइतकीच धोक्याची असते, हा या प्रकरणाचा बोध होय.

हेच ब्लॅकेट १९४७ साली दिल्लीच्या विज्ञान परिषदेस आले असता पंडित नेहरूंची व त्यांची गाठ पडली. हिंदी सैन्य सर्वस्वी हिंदी लोकांच्या हाती सोपविण्यास किती काळ लागेल, असे नेहरूंनी विचारले. ते तुम्ही कोणत्या प्रकारच्या युद्धाची तयारी करणार यावर अवलंबून आहे, अशा आशयाचे उत्तर ब्लॅकेट यांनी दिले. हे उत्तर नेहरूंस मार्मिक वाटले असावे, कारण पुढे त्यांनी ब्लॅकेट यांस सल्ल्यासाठी बोलाविले, आणि १९४८ साली त्यांचा अहवाल सादर झाला. त्यात शस्त्रांचे दोन वर्ग केले होते. एका वर्गातील शस्त्रे अशी की, शत्रूच्या शस्त्राहून ती थोडी जरी उणी पडली तरी निरुपयोगी ठरतात. उदाहरणार्थ, अतिवेगवान लढाऊ विमाने. दुसऱ्या वर्गातील शस्त्रे शत्रूच्या तोडीस तोड नसली तरी उपयोगी पडतात. जसे लहान हत्यारे, मैदानी तोफा, वाहतुकीची विमाने. उद्योगधंद्यांचा पाया पक्का होईपर्यंत गरीब देशाने दुसऱ्या वर्गावर भर द्यावा, असे त्यांचे म्हणणे होते. ते सर्वस्वी बरोबर होते की नाही याविषयी मतभेद होऊ शकतो. परंतु शस्त्राची निवड करताना देशातील कारखाने व कारागीर यांची कुवत प्रथम मोजावी, हे तत्त्व त्यात होते, आणि ते आजही शिळे झालेले नाही.

त्याच १९४८ साली दिल्ली विद्यापीठातील पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक डॉ. दौलतसिंह कोठारी यांची संरक्षणमंत्र्यांचे पहिले शास्त्रीय सल्लागार म्हणून नेमणूक झाली. त्याच वर्षीच्या १७ सप्टेंबरला हैदराबाद संस्थान निजामाच्या अमलातून मुक्त झाले, आणि नांदेड-लातूरचा प्रदेश स्वतंत्र भारतात आला. कोठारी लष्कराच्या बाहेरून आलेले, विद्यापीठात वाढलेले. त्यांच्या वृत्तीचे एक गमक म्हणून अणुस्फोट आणि त्यांचे परिणाम या विषयावर १९५६ साली सरकारने प्रसिद्ध केलेल्या ग्रंथाकडे बोट दाखविता येईल. तो त्यांनी डॉ. होमी भाभा आणि मुंबईचे विख्यात विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या सहकार्याने सिद्ध केला, व नेहरूंनी त्यास प्रास्ताविक लिहिले. संरक्षण खात्याच्या सल्लागाराने अण्वस्त्रांचे भीषण परिणाम सर्वसामान्य वाचकांपुढे मोकळेपणाने मांडावेत, ही गोष्ट त्या काळी इतर देशांतही विरळाच होती.

१९५८ साली कोठारींची संरक्षण विज्ञान संघटना आणि लष्कराच्या तांत्रिक विकासाच्या शाखा एकत्र करून संरक्षण संशोधन व विकास संघटना स्थापन झाली. हेतू चांगला होता. शास्त्र आणि निर्मिती यांची सांगड घालावयाची होती. परंतु त्यामुळे एक गुंता निर्माण झाला. मंत्र्यास सल्ला देणारा आणि शस्त्र तयार करणाऱ्या संघटनेचा प्रमुख, या दोन्ही भूमिका एकाच व्यक्तीकडे आल्या, आणि त्या अनेक दशके तशाच राहिल्या. अमुक विमान देशात करता येईल काय, हा प्रश्न मंत्र्याने सल्लागारास विचारावा, आणि सल्लागाराने प्रयोगशाळेच्या प्रमुखाचे मत घ्यावे. पण ते दोघे एकच! अशा पदावरील मनुष्य कितीही थोर असला, आणि या पदावर थोर माणसे बसली यात संशय नाही, तरी स्वतःच्याच कामाचा परीक्षक होणे कोणासही अवघड आहे.

याचा अर्थ या संघटनेने काही केलेच नाही, असा कोणी घेऊ नये. पुण्याजवळ पाषाण येथील शस्त्रास्त्र संशोधन संस्थेने सिद्ध केलेला पिनाक हा अग्निबाणांचा संच चव्वेचाळीस सेकंदांत बारा बाण सोडतो, व त्याच्या पहिल्या आवृत्तीचा पल्ला सुमारे अडतीस किलोमीटर आहे. १९९९ साली कारगिलच्या युद्धकाळात उंच पहाडी प्रदेशात त्याची परीक्षा झाली, आणि नंतर तो तोफखान्यात रुजू झाला. त्यास लागणाऱ्या स्फोटक द्रव्यांचे शास्त्रही पुण्यातच वाढले. दुसरीकडे अर्जुन रणगाड्याची योजना १९७४ साली मंजूर झाली, आणि तो सैन्यात दाखल होण्यास २००४ साल उजाडले. तेजस विमानास १९८३ साली मंजुरी मिळाली. पहिले उड्डाण ४ जानेवारी २००१ रोजी, आणि पहिली तुकडी उभी राहिली ती १ जुलै २०१६ रोजी. या विलंबास सेनेच्या बदलत्या मागण्या, १९९८ नंतरचे परदेशांचे निर्बंध, इंजिनासारख्या अवघड भागांचा अननुभव अशी अनेक कारणे होती. परंतु आरंभीच एखाद्या त्रयस्थ तज्ज्ञमंडळाने काळ, पैसा व माणसे यांचा कठोर हिशेब मांडला असता, तर निदान अपेक्षा तरी वास्तव राहिल्या असत्या.

ही उणीव सरकारास दिसली नाही असे नाही. १९९२ साली डॉ. अब्दुल कलाम यांच्या समितीने शस्त्रखरेदीतील स्वदेशी वाटा शेकडा ३० वरून २००५ सालापर्यंत शेकडा ७० वर नेण्याचे उद्दिष्ट ठेवले. ते त्या मुदतीत गाठले गेले नाही. २००५ साली अर्थशास्त्रज्ञ डॉ. विजय केळकर यांच्या समितीने खासगी उद्योगांस या क्षेत्रात समान वाव देण्याची शिफारस केली. २००७ साली डॉ. पी. रामराव यांच्या समितीस संघटनेचीच तपासणी करण्यास सांगण्यात आले. तिने पुढील वर्षी दिलेल्या अहवालात मोजक्या मर्मभूत विषयांवर शक्ती एकवटावी, अधिकार विकेंद्रित करावेत, आणि मनुष्यबळाची व्यवस्था सुधारावी असे सुचविले. २०१५ साली सल्लागार व संघटनेचा प्रमुख ही दोन पदे दोन व्यक्तींकडे देण्यात आली, आणि २०२२ सालीही तसेच झाले; परंतु दोन्ही वेळी सल्लागार त्याच संघटनेत वाढलेला होता. २०२३ साली माजी प्रधान शास्त्रीय सल्लागार डॉ. विजयराघवन यांच्या अध्यक्षतेखाली नऊ सदस्यांची समिती पुन्हा नेमली गेली, व तिने २०२४च्या आरंभी अहवाल दिला. तीस-बत्तीस वर्षांत इतक्या वेळा तेच प्रश्न विचारावे लागले. समिती येते, अहवाल देते व विसर्जित होते. सतत जागे राहणारे सल्लागारमंडळ मात्र हाती राहत नाही, हे त्याचे एक कारण होय.

अमेरिकेत १९६० साली जेसन या नावाचा शास्त्रज्ञांचा एक गट स्थापन झाला, त्याची रचना या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. त्याचे सभासद मुख्यतः विद्यापीठांतील प्राध्यापक. उन्हाळ्याच्या सुट्टीत ते एकत्र जमतात, त्यांना गुप्त कागद पाहण्याचा परवाना असतो, आणि नवे सभासद सरकार नेमीत नाही, गट स्वतः निवडतो. वर्षाचे उरलेले महिने ते आपापल्या अध्यापनात असल्यामुळे त्यांची उपजीविका लष्करावर अवलंबून नसते. परंतु स्वातंत्र्य म्हणजे अचूकता नव्हे, हेही याच गटाच्या इतिहासावरून दिसते. १९६६ साली व्हिएतनामच्या युद्धात शत्रूची रसद रोखण्यासाठी ध्वनी व कंपने टिपणाऱ्या उपकरणांची एक अडसर-रेषा उभारावी, अशी योजना या शास्त्रज्ञांनी सुचविली. ती फार मोठ्या खर्चाने अमलात आली. रसद मात्र थांबली नाही. शिवाय असे मंडळ सत्तेस नेहमीच प्रिय राहील, असेही नाही. २०१९ साली अमेरिकेच्या संरक्षण खात्याने या गटाशी असलेला करार पुढे चालविण्याचे नाकारले, तेव्हा दुसऱ्या एका सरकारी विभागाने काम देऊन तो टिकविला.

हिंदुस्थानात बाहेरून पाहणाऱ्या डोळ्यांची एक व्यवस्था लातूरच्याच एका लोकप्रतिनिधीच्या कारकिर्दीत अस्तित्वात आली, हे येथे सांगणे अवश्य आहे. शिवराज पाटील लोकसभेचे अध्यक्ष असताना १९९३ सालच्या एप्रिलमध्ये निरनिराळ्या खात्यांची तपासणी करणाऱ्या सतरा स्थायी समित्या स्थापन झाल्या. त्यांपैकी एक संरक्षणाची. तेव्हापासून खात्याचे अधिकारी या समितीपुढे येऊन उत्तरे देतात, आणि तिचे अहवाल संसदेपुढे ठेवले जातात. प्रयोगशाळांतील रिकाम्या जागा, संशोधनावरील खर्चाचे अल्प प्रमाण, लांबत गेलेल्या योजना यांची चर्चा सामान्य वाचकांपर्यंत पोहोचली, ती बव्हंशी या अहवालांतून आणि महालेखापरीक्षकांच्या अहवालांतून. तरी संसदसदस्य शास्त्रज्ञ नसतात. विलंब झाला हे त्यांना दिसते; शास्त्राची मूळ कल्पनाच सदोष होती की काय, हे ओळखण्यास त्यांच्या हाताशी निःस्पृह तज्ज्ञ हवेत.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे, म्हणजे माणसांकडे वळावयाचे. मराठवाड्याच्या दोन्ही अंगांस लष्करी शास्त्राची दोन मोठी केंद्रे आहेत. पश्चिमेस पुणे : पाषाण, दिघी व खडकी येथील प्रयोगशाळा, आणि १९५२ साली खडकीस सुरू होऊन पुढे गिरिनगरास गेलेली शस्त्रविद्येची उच्च शिक्षणसंस्था. पूर्वेस हैदराबाद : तेथे १९६२-६३च्या सुमारास क्षेपणास्त्रांची व धातुशास्त्राची प्रयोगशाळा आली. नांदेड-लातूरचे लोक १९५६ सालापर्यंत त्याच हैदराबाद राज्यात होते. सीमा बदलल्या, जुनी राजधानी एका बाजूस राहिली, नवे विद्याकेंद्र दुसऱ्या बाजूस, आणि मधल्या मराठवाड्यात ना अशी प्रयोगशाळा आली, ना महाराष्ट्रातील दहा आयुधनिर्माणींपैकी एकही. शिक्षणाच्या सोयीही उशिराच आल्या. नांदेडचे श्री गुरु गोबिंदसिंहजी अभियांत्रिकी महाविद्यालय १९८१ साली निघाले, आणि स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ रोजी.

असे असूनही या भागात हुशारीचा दुष्काळ नाही. लातूरच्या अध्यापनपद्धतीचा लौकिक सर्व महाराष्ट्रात आहे. खेड्यापाड्यांतील मुले तेथे खोल्या घेऊन राहतात आणि पहाटेपासून रात्रीपर्यंत अभ्यास करतात. परंतु या साऱ्या परिश्रमांचा रोख प्रवेशपरीक्षेवर, विशेषतः वैद्यकाच्या व अभियांत्रिकीच्या प्रवेशावर असतो. ठरलेल्या प्रश्नाचे ठरलेले उत्तर अचूक व त्वरित देणे, हा त्या शिक्षणाचा कस. संशोधनाचा कस नेमका उलटा : ज्या प्रश्नाचे उत्तर अजून कोणासच ठाऊक नाही, तो दहा वर्षे चिकाटीने उराशी बाळगणे. पंचवीस फुटांचा आकडा शोधणारा विल्यम्स परीक्षेत हुशार होताच; पण त्याचे खरे बळ होते ते, शंभर फूटच का, हा प्रश्न विचारण्यात.

जो विद्यार्थी संशोधनाकडे वळतो, त्याच्यापुढेही अडचणी असतात. सरकारी भरती संथ. संगणकाच्या खासगी धंद्यात पगार अधिक. आणि गुप्ततेमुळे स्वतःच्या कामाविषयी लिहिण्याबोलण्याची मुभा कमी. आरंभीच्या वर्षांतच अनेक तरुण प्रयोगशाळा सोडून जातात, ही तक्रार संसदेच्या समितीपुढे वारंवार आली आहे. शिवाय शास्त्रज्ञ एकटा काही करू शकत नाही. त्याने काढलेला नकाशा धातूत उतरविणारा कातारी, सांधा जोडणारा वेल्डर, स्फोटके हाताळणारा शिक्षित कामगार, आणि रणभूमीवर यंत्र दुरुस्त करणारा जवान, ही साखळीची पुढील कडी आहे. लातूरजवळ रेल्वेच्या डब्यांचा कारखाना उभा राहिला, तेव्हा अवजड कारागिरी या भूमीतही रुजू शकते, हे दिसून आले. सैन्याच्या बाबतीत १४ जून २०२२ रोजी जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेने जवानाची नोकरी चार वर्षांची झाली, व शेकडा पंचवीसपर्यंत तरुणांस पुढे ठेवण्याची तरतूद झाली. क्लिष्ट यंत्रे वाढत असताना ती चालविणाऱ्याचा सेवाकाळ कमी होतो, याचा परिणाम काय होईल, हा प्रश्न राजकीय वादाचा झाला आहे. वस्तुतः तो मोजून पाहण्याचा, म्हणजेच शास्त्रीय प्रश्न आहे. कोणते यंत्र शिकण्यास किती महिने लागतात, शिकलेले कौशल्य किती काळ उपयोगी पडते, आणि गेलेल्या माणसाची जागा भरून काढण्यास काय खर्च येतो, याचा त्रयस्थ हिशेब झाला, तर दोन्ही पक्षांचा आवाज थोडा खाली येईल.

येथे दोन्ही प्रश्न एकत्र येतात. स्वतंत्र सल्लागार आकाशातून पडत नाहीत. ते चांगल्या विद्यापीठांतच तयार होतात. ज्या देशातील सारे जाणकार एकाच सरकारी संघटनेत आहेत, तेथे त्रयस्थ तज्ज्ञ आणावा तरी कोठून? कोठारींनी हे जाणले होते, असे म्हणण्यास आधार आहे. १९६१ साली सल्लागारपद सोडल्यावर ते विद्यापीठ अनुदान मंडळाचे अध्यक्ष झाले, आणि १९६४ ते १९६६ या काळातील शिक्षण आयोग तर त्यांच्याच नावाने ओळखला जातो. संरक्षणाची चिंता करणारा मनुष्य शेवटी शाळेच्या वर्गापर्यंत पोहोचला. २०२२ सालच्या अंदाजपत्रकात संरक्षण-संशोधनाच्या निधीचा चौथा हिस्सा उद्योग, नवे व्यवसाय व शिक्षणसंस्था यांस खुला करण्याची घोषणा झाली, ती याच दिशेची होती. या निधीचा काही ओघ नांदेडच्या वा लातूरच्या महाविद्यालयापर्यंत आला, तेथील एखाद्या प्राध्यापकास धातूंचा थकवा किंवा स्फोटकांचे रसायन यांवर काम करता आले, तर पंधरा-वीस वर्षांनी त्याच महाविद्यालयातून मंत्र्यास निर्भीडपणे 'हे जमणार नाही' असे सांगणारा एखादा तज्ज्ञ निघेल.

बाहेरच्यांस सल्ला विचारण्यावर आक्षेपही आहेत. गुप्तता फुटेल, असे म्हणतात. परंतु परवाना देऊन विश्वासात घेतलेल्या प्राध्यापकांनी इंग्लंडात महायुद्धाची गुपिते सांभाळली. बाहेरच्या मनुष्यावर जबाबदारी नसते, असेही म्हणतात. हे खरे आहे, आणि म्हणूनच निर्णय त्याच्या हाती नसावा. तो मंत्र्याचाच असावा. सल्लागाराने फक्त एवढे करावे की, मंत्र्याने चूक केली तरी ती अज्ञानाने केली, असे म्हणण्यास जागा राहू देऊ नये. आणि ज्याचे मत फेटाळले गेले त्याचीही नोंद दप्तरी राहावी, म्हणजे पुढील पिढीस कोणाचा हिशेब बरोबर ठरला हे पडताळता येईल.

किल्लारीचा नकाशा बदलला तो हजारो माणसे गेल्यानंतर. भूगर्भातील हालचाली मनुष्यास आधी सांगून येत नाहीत, तेव्हा तेथे तो उशीर कदाचित टळला नसता. शस्त्रांचे तसे नाही. त्यांचे दोष शांततेच्या काळात, कागदावर, प्रयोगशाळेत आणि चाचणीच्या मैदानावर शोधता येतात. मात्र ते शोधण्याची ज्यास मोकळीक आहे, असा मनुष्य तेथे असला पाहिजे. तो नसेल, तर तेच दोष सीमेवरील जवानास सापडतात. आणि त्याला ते कोणास सांगण्यास वेळ मिळतोच असे नाही.